दहा पिक्सेलची सूट

तुझ्या वडलांचं काम कशानं गेलं, असं अंकिताला कुणी विचारलं असतं तर तिनं नव्या मशीनचं नाव घेतलं नसतं, मालकाचंही नाही. तिनं स्वतःचंच नाव घेतलं असतं.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत शिवानंद अण्णांचा टॉवेलचा कारखाना. तिथं तिचे वडील कुंडलिक एकतीस वर्षं पत्ते पाडत होते. म्हणजे पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची. त्या भोकांप्रमाणे मागावरचे धागे वरखाली होतात आणि टॉवेलवर नक्षी उमटते. पुढं संगणकावर चालणारे माग आले आणि पत्त्यांवर चालणारे आठच माग उरले. दोन हजार अकरा साली अण्णा तेही भंगारात काढायला निघाले होते. तेवढ्यात हैदराबादच्या एका हॉटेल कंपनीनं जुन्या नक्षीचे टॉवेल हवेत म्हणून विचारणा केली. नमुने नंतर पाठवा, आधी वेबसाइट दाखवा, असा त्यांचा खाक्या. अण्णा म्हणाले, "कुंडलिक, ही ऑर्डर आली तर तुझे आठ माग तू रिटायर होईपर्यंत चालवतो."

वेबसाइट करायची कुणी, तर कारखान्याच्या ऑफिसात बसणाऱ्या अंकितानं. गावातल्या क्लासमध्ये तिनं वेबसाइट बनवायचा कोर्स केला होता.

वडलांच्या चार नक्ष्या एका ओळीत मांडायच्या होत्या. चौथी जोंधळ्याच्या कणसाची. वळसंगच्या रानात बांधावर बसून कुंडलिकांनी ती कागदावर उतरवली होती आणि कंपनीनं नेमकी तीच मागितली होती. अंकितानं चारही चौकटींना 'फ्लोट' लावला. फ्लोट म्हणजे चौकट डावीकडं सरकते, पुढची तिला येऊन खेटते, आणि जागा पुरली नाही तर ती मुकाट खालच्या ओळीत उतरते. पानाची रुंदी नऊशे साठ. चौकट दोनशे तीसची, तिच्या डावीकडं दहाची मोकळी जागा. चार वेळा दोनशे चाळीस, बरोब्बर नऊशे साठ. हिशेब असा चोख जमला की ती स्वतःवरच खूश झाली.

कुंडलिक खुर्चीमागं उभे राहून बघत होते. "सूट कुटं ठेवली?"

"कसली सूट?"

"मागावरनं उतरलं की कापड आकसतं. माप काठोकाठ भरायचं न्हाय कधी."

"आबा, पडद्यावर काय बी आकसत न्हाय," असं म्हणून ती हसली होती. ते हसणं तिला नंतर फार छळणार होतं.

ठरल्या दिवशी अण्णा हैदराबादला गेले. साडेअकराला त्यांचा फोन आला. "अंकिता, चौथी नक्षी कुटाय गं?"

"समोरच हाय की अण्णा, उजवीकडं."

"उजवीकडं नुसती पांढरी जागा हाय. खाली काळ्या पट्टीच्या मागं कायतरी अडकलंय. कणसाचा शेंडा तेवढा दिसतोय."

तिच्या पडद्यावर चारही नक्ष्या शिस्तीत उभ्या होत्या. "अण्णा, त्यांनी पान कशात उघडलंय? कसल्या चित्रावर क्लिक केलं?"

"निळा ई हाय."

निळा ई म्हणजे जुना ब्राउझर. तो सरळ पानही वाकडं दाखवतो, एवढं अंकिता क्लासमध्ये ऐकून होती. पण बघणार कशात? मोठ्या उत्साहानं तिनंच ऑफिसातल्या सगळ्या संगणकांवर नवे ब्राउझर घातले होते. जुना औषधालाही शिल्लक नव्हता. तिनं अंदाजानं चौकटी दोनशे वीसच्या केल्या आणि पान साइटवर चढवलं. "आता?"

"तसंच हाय."

"जुनंच पान दिसत असंल. पान नव्यानं यायला त्यांना एफ-फाइव्ह दाबायला सांगा ना."

"आगं, समोर सहा साहेब बसलेत. मी कुणाला काय दाबायला सांगू?" अण्णांचा आवाज खाली गेला. "राहू दे. ते दुसऱ्या कारखान्याचं पान उघडायला लागले."

फोन बंद झाला. तिला ओरडावंसं वाटत होतं, पण कुणावर?

अण्णा परत आले ते रागावले नाहीत. "ज्यांना चार चित्रं ओळीत लावता येत न्हाईत ते टॉवेल काय धड विणणार, म्हणाले," एवढंच सांगितलं. शनिवारी भंगारवाल्याचा टेम्पो आला आणि आठही माग गेले.

त्याच दिवशी स्टेशनजवळच्या एका नेट कॅफेत तिला तो जुना ब्राउझर सापडला. ओळीतल्या पहिल्या चौकटीच्या डावीकडची जागा तो दुप्पट धरत होता. दहाचे वीस. पान दहानं कमी पडलं आणि कणीस खाली घसरलं. त्यावर उतारा होता कोडच्या एका ओळीचा. ती ओळ घातली, आणि चारही नक्ष्या तिथंही जागेवर बसल्या.

सोमवारी कुंडलिक आपली हत्यारं न्यायला आले. तिनं त्यांना सगळं सांगितलं.

"कितीनं कमी पडलं म्हणालीस?"

"दहा पिक्सेल. तुमच्या पत्त्याच्या भोकाएवढं बी न्हाय, आबा."

मी सांगितलं होतं, असं ते म्हणतील म्हणून ती वाट बघत राहिली. म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "एक भोक चुकलं तर मी नवा पत्ता पाडायचो. तुला पाडायला येळच मिळाला न्हाय, पोरी." तिला रडू आवरेना.

न विणल्या जाणाऱ्या नक्ष्या पानावरून काढ, असं अण्णांनी सांगितलं होतं. तिनं तीन काढल्या होत्या. चौथीवर हात चालत नव्हता. फ्लोटच्या नियमानं कणीस सरकून पार डाव्या कडेला आलं होतं आणि पुढची सगळी ओळ मोकळी होती.

कुंडलिकांनी वाकून पडद्याकडं पाहिलं. "आता कसं नीट बसलंय."

"एकटंच हाय न्हवं, आबा," ती म्हणाली, आणि तेही काढून टाकलं.