नावं ठेवलेली अलमारी

किर्रर्र…

भर दुपार. पाळण्यातलं बाळ नुकतंच झोपलेलं, घर कसं चिडीचूप, आणि नेमकी तेव्हाच माझी बिजागरी बोलली. बाळ दचकलं, पण उठलं नाही. माझी मालकीण कुंदा दारावर हात ठेवून पुटपुटली, “हळू व माय, हळू.” घरात कुणी जागं नसलं की ती माझ्याशी अशी बोलायची. आपल्या माहेरच्या बोलीत.

मित्रांनो, मी एक जुनी अलमारी आहे. अस्सल सागाची. इतर अलमाऱ्यांची डोकी सपाट असतात. माझ्या माथ्यावर मात्र दोन बाजूंनी कमान चढत जाते आणि वर टोकाला जुळते, नमस्काराला जोडलेल्या हातांसारखी. या टोकापायी मी फार बोलणी खाल्ली. पण ते टोक अजून जागेवर आहे. कसं, ते ऐका.

माझा जन्म साक्रीचा. जवळच्या एका लहानशा प्रार्थनाघराच्या खिडक्या दुरुस्त करायला चिंधा मिस्तरी गेले होते. खिडक्या अशाच, टोकाच्या. तिथले गोरे पाद्रीबाबा कमानीवर बोट ठेवून म्हणाले, “गॉथिक!” मिस्तरींची पटाशी हातातल्या हातात थांबली. घरी येऊन त्यांनी बायकोला, सुंदरबाईला, सांगितलं, “पाद्रीबाबाले मना बापनं नाव मालूम शे!”

“काय सांगतस!”

“देवनी शपथ. खिडकीवर बोट ठीसन म्हने, कौतिक!”

मिस्तरींच्या वडिलांचं नाव कौतिक. तेही सुतारच. साहेबाच्या देवाघरच्या खिडकीला आपल्या बापाचं नाव! मिस्तरींची छाती वीतभर फुगली. पुढच्याच हंगामात त्यांनी चांगला साग निवडून मला घडवलं, तीच कमान मला दिली आणि नाव ठेवलं कौतिक. बाईचा देह आणि बुवाचं नाव! पण मला ते आवडलं. कौतिक म्हणजे कौतुकच की.

कुंदाचे वडील पुनाआबा साक्रीचेच. त्यांनी लेकीच्या लग्नात मला आंदण दिलं. भुईमुगाच्या पोत्यांवर आडवी पडून मी ट्रकमधून धुळ्याला आले. तिथे मी काय काय सांभाळलं! लुगडी सांभाळली, गोधड्या सांभाळल्या. कुंदाचे यजमान अभिमन सर शाळेत इतिहास शिकवत, त्यांची जाडजूड पुस्तकं सांभाळली. मग थोरल्या लेकीची, बेबीची, झबली आली. शेजारणी माझ्या कमानीवरून हात फिरवून विचारत, “कोणत्या मिस्तरीचं काम हो?” तेव्हा माझं पॉलिश आणखी चमकायचं.

पण एका माणसाला मी खुपायची. ती म्हणजे कुंदाची मोठी नणंद, पुष्पाअक्का. बाळाचं नाव ठेवायचा मान आत्याचा असतो ना? अक्कांनी तो बारशाला घेतलाच, वर अनुस्वार जोडून रोज घेतला. त्या नावं ठेवत. माझ्या टोकाला, कुंदाच्या बोलण्याला.

“शे काय, बठ्ठा काय! पोरगी तेच उचलेल. शिकल्यासवरल्या घरात ही रानटी भाषा नको, कुंदा. चारचौघांत हसतील तिला.”

अक्का दुष्ट नव्हत्या हो. ट्रेनिंग कॉलेजात त्यांच्या तोंडून ‘आहे’ऐवजी ‘शे’ निघालं आणि सगळा वर्ग हसला होता. ते हसू त्या अजून विसरल्या नव्हत्या. पण झालं काय, कुंदा लेकीशी छापील बोलू लागली. ‘माय’ची ‘आई’ झाली. तिची बोली उरली फक्त माझ्यापुरती, दार उघडतानाची.

सदुसष्ट साली सरांची बदली जळगावला झाली. नवं घर लावायला अक्काही आल्या. आतल्या खोलीत माळा होता. त्याखाली माझं टोक मावेना.

“कापून टाका ते टोक,” अक्का म्हणाल्या.

“बाहेरच्या खोलीत मावते ती,” कुंदा हळूच म्हणाली.

“बाहेर? येणारे-जाणारे म्हणतील, कुठलं रानटी ध्यान आणून ठेवलंय!”

शेजारचा सुतार आला. दोन हमालांनी मला तिरकं धरलं. करवत कमानीला टेकली आणि एकदा फिरली. खर्र! मित्रांनो, लाकडाला दुखत नाही असं कुणी म्हणालं तर खुशाल माझ्याकडे पाठवा.

तेवढ्यात ट्रकवाल्याला निरोप देऊन सर आत आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. हसून म्हणाले, “रानटी? अक्का, अगदी बरोबर बोललीस. या कमानीचं नाव कौतिक नाही, गॉथिक. आणि त्याचा अर्थ रानटीच.”

“बघ!” अक्का म्हणाल्या.

“पुढे तर ऐक. युरोपात गॉथ नावाचे लोक होते. त्यांनी रोम लुटलं. हजारएक वर्षांनी इटलीतल्या पंडितांना रोमची गोल कमान फार प्यारी. टोकाची कमान दिसली की ते नाक मुरडत. म्हणत, ही असली कामं त्या गॉथांची! खरं तर गॉथांनी ती बांधलीच नव्हती. ते संपल्यावर कितीतरी शतकांनी ती फ्रान्सात उभी राहिली. शिवी भलत्यालाच चिकटली.”

“मग?” कुंदाने विचारलं.

“मग नावं ठेवणारे गेले आणि नाव राहिलं! लोक तेच मिरवू लागले. आता मोठमोठ्या चर्चना अभिमानाने गॉथिक म्हणतात. छापखान्यातल्या एका अक्षरवळणाला म्हणतात, पडक्या गढीतल्या भुताखेतांच्या गोष्टींनाही…”

“सर, तास मंग ल्या!” हमाल ओरडला. “आमना हात भरी उनात!”

सगळे हसले. कुंदा हसली नाही. तिने पुढे होऊन करवतीच्या पात्यावर हात ठेवला.

“भाऊ, टोक कापानं नही. बाहेरनी खोलीत उभी करा. हाई कौतिक शे, आनि मी साक्रीनी शे. ज्याले हसनं शे, त्यानी बसीसन हसानं. मी चहा भी देसू!”

अक्का अडवायला पुढे सरसावल्या. हमालांनी मला उचललं, वळवलं, भिंतीला लावलं, आणि मध्ये अक्कांचं बोट सापडलं.

“व माय! मरी गऊ!”

मग बोट तोंडात धरून अक्का स्वतःच खुदकन हसल्या.

तेव्हापासून मी बाहेरच्या खोलीत, सगळ्यांच्या देखत उभी आहे. डाव्या अंगावर करवतीचा ओरखडा आहे. असू दे. मी टोकाची आहे, टोकाचीच राहणार! मित्रांनो, जुन्या लाकडाला अधूनमधून जवसाचं तेल लावा, ओल्या भिंतीपासून, वाळवीपासून जपा. आणि तुमच्या घरातल्या एखाद्या टोकाला कुणी नावं ठेवली, तर करवत आणायची घाई करू नका. आधी विचारा, ठेवणारा कोण, आणि त्याला काय ठाऊक?

त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. सगळे चहा घेत होते. बेबी माझ्या पायाशी बसून कसलासा विचार करत होती. एकाएकी तिने मान वर केली आणि आईला पहिल्यांदाच आईच्या बोलीत असं काही विचारलं की कुंदाने कपबशी खाली ठेवली. तिने सरांकडे पाहिलं. सरांनी इतिहासाच्या पुस्तकांचं खोकं ओढून घेतलं.

“माय व, त्या गॉथ लोके मायले काय म्हनेत?”