खंडेनवमीला घडलेली पट्टी

मित्रांनो, रस्त्यात गाडी समोर आली की तुम्ही तिचा नंबर वाचता, रंग बघता, फार तर आत कोण बसलंय ते बघता. तो नंबर धरून कोण उभं आहे, हे कधी खाली वाकून बघितलंय का? नाही ना! तिथे मी असते. मी एक जुनी, भोकाभोकांची लोखंडी पट्टी. रूप नाही, चकाकी नाही, आणि बोलणंही जरा खरखरीत आहे. तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म रॅकसाठी झाला. चाकणच्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी वर्षानुवर्षं खोकी तोलली. माझ्या अंगावरची भोकं काही कुणाची चूक नव्हे हं! हवं तिथे बोल्ट घालता यावा म्हणून ती मुद्दाम पाडलेली असतात. पुढे नवे रॅक आले आणि आमची रवानगी भंगारात झाली. तिथून महाळुंग्याच्या आबाजींनी मला उचललं. आबाजी गावातल्याच जुन्या घरातले. पत्र्याच्या शेडमध्ये फाटकं, जाळ्या, ट्रॉल्या बनवायचे. मला त्यांनी कोपऱ्यात टेकवलं आणि ते विसरून गेले. त्यांच्या आईने, गोजाबाईंनी, मला शेळीच्या खोपटाचा अडसर केलं. कुठे कंपनीचं स्टोअर आणि कुठे शेळीचं दार! शेळी रोज माझ्यावर शिंगं घासायची आणि मी मुकाट्याने ते सोसायची.

मग ती खंडेनवमी आली. तुम्हाला ठाऊकच आहे, या दिवशी हत्यारांची पूजा असते. आबाजींनी ग्राइंडर, ड्रिल, वेल्डिंगचं मशीन, हातोडे, कानशी सगळं पुसून पाटावर मांडलं होतं. नट-वॉशरचा डबासुद्धा हळदकुंकू लावून झेंडूच्या फुलांत बसवला होता. त्या घरात एक कडक नियम होता. हत्यारं एकदा पूजेला बसली की दसरा उलटेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. आबाजींचे वडील अर्जुनराव यांनी एका खंडेनवमीला गिऱ्हाइकाच्या आग्रहाखातर हत्यार उचललं आणि अंगठा गमावला, असं गोजाबाई सांगायच्या. तेव्हापासून कोणाची टाप नव्हती.

नेमकी त्या दुपारी फाटकाशी एक छोटी लाल गाडी थांबली. आतून काठी टेकत साधना उतरली. मागोमाग तिचा नवरा नवनाथ. दोघं परभणीकडचे, महाळुंग्यातच खोली घेऊन राहायचे. साधनाचा उजवा पाय गुडघ्याखाली बनवलेला, कृत्रिम होता. चाकणच्या तळेगाव चौकाच्या पुढे एका ट्रकने तिला उडवलं होतं. त्याआधी ती कंपनीत तयार माल तपासायची. बसून करायचं ते काम कंपनीने तिच्यासाठी राखून ठेवलं होतं, पण कंपनीच्या बसची पायरी तिला चढवत नव्हती. म्हणून ही जुनी गाडी घेऊन तिने ब्रेक आणि रेस हाताने चालतील असे करून घेतले होते. आता आरटीओच्या तपासणीत गाडी पास झाली की ती स्वतः चालवत कामावर जाणार होती. दसऱ्यानंतर आठवड्याच्या आत हजर व्हा, नाहीतर जागा भरू, असा कंपनीचा निरोप होता.

आणि गाडी अडली होती कशावर? नंबरप्लेटवर! गाडीचा आधीचा मालक पिंपळे गुरवचा एक हौशी तरुण. त्याने पुढचा बंपर काढून सगळी जाळीच जाळी असलेला दुसरा बसवला होता. दिसायला रुबाबदार, पण पाटी लावायला जागाच नाही. साधनाने पाटी काचेच्या आत तारेने बांधली होती. आरटीओच्या बाईंनी गाडी परत पाठवली. पुढची पाटी बाहेर, घट्ट बसवून आणा, म्हणाल्या, आणि त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. नवी तारीख मिळाली ती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची. ती हुकली तर पुढची थेट दिवाळीनंतर. पाटी धरायचा बाजारातला तयार ब्रॅकेट त्या बंपरला बसत नव्हता आणि खंडेनवमीमुळे सगळ्या शेडची शटरं खाली होती.

आबाजींनी सगळं ऐकून घेतलं. जाळीमागे हात घालून गाडीचा आडवा लोखंडी दांडा चाचपला. काम समजलं होतं, करावंसंही वाटत होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण त्यांनी पाटाकडे बघितलं आणि मान हलवली. परवा या म्हणाले. परवाच तर तपासणी, असं नवनाथ हात जोडून सांगू लागला. साधना गाडीला टेकून उभी होती आणि काठीवरची तिची बोटं पांढरी पडली होती.

गोजाबाई उंबऱ्यात बसून हे बघत होत्या. त्या उठल्या, साधनाच्या पायाकडे बघितलं, मग लेकाकडे.

"आबा, हत्यारं बसलीत," त्या म्हणाल्या. "आपन कुटं बसलोय?"

"आये, ड्रिलबिगर भोकं कशानं पाडू? दातानं?"

गोजाबाईंनी वळून शेळीच्या दाराकडे बोट केलं. म्हणजे माझ्याकडे! माझ्या अंगावर भोकंच भोकं होती की हो. इतकी वर्षं ज्यांच्यावर शेळीने शिंगं घासली, तीच भोकं त्या दिवशी कामाला आली. माझी छाती अशी फुलली म्हणून सांगू!

मग काम सुरू झालं. नवनाथने मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा बंपरसमोर धरून आकार घेतला. आबाजींनी मला फाटकाच्या दोन गजांमध्ये अडकवलं. त्याआधी गोजाबाईंनी फाटकाला कुंकू लावलेलं नाही ना, याची खात्री करून घेतली. दोघं पुरुष माझ्या टोकाला लोंबकळले. मी वाकेना. खरं सांगते, अडून बसले नव्हते, भीती वाटत होती. वाकताना भोकापाशी चीर गेली असती तर खेळ खलास, माझ्यासारखी दुसरी पट्टी तिथे नव्हती. आबाजी पुन्हा पुन्हा बोटाने भोकाची कड तपासायचे आणि सगळे श्वास धरून उभे राहायचे. शेवटी मी वाकले. दोन्ही टोकं मागे आणि मधला भाग पुढे, असा टोपीसारखा आकार आला. गोजाबाईंनी माझ्या धारदार कडा पायरीच्या दगडावर स्वतः घासून दिल्या.

आता नट आवळायचे पाने तर पूजेच्या पाटावर. साधनाने गाडीतून चाक खोलायचा पाना काढून पुढे केला. तो तिचा होता, पूजेत नव्हता. त्या एकाच पान्यात बसतील असे दोन बोल्ट आबाजींनी भंगारातून शोधले. बोल्टची डोकी आतल्या दांड्याच्या खाचेत अडकवली, नट बाहेर आले. साधनाची पाटी प्लास्टिकच्या चौकटीत पक्की होती, ती चौकट माझ्यावर चढली. नट आवळायची वेळ आली तेव्हा साधनाने पाना मागितला आणि जमिनीवर बसून दोन्ही नट स्वतः आवळले. एवढं होऊनही आबाजींचं समाधान नव्हतं. नट ढिला पडू नये म्हणून स्प्रिंग वॉशर लागतात, आणि ते होते डब्यात, आणि डबा होता पूजेत. तपासणी झाली की या, वॉशर टाकून देतो, तोवर या पट्टीला दणका बसू देऊ नका, असं त्यांनी दोनदा बजावलं.

मित्रांनो, तो दणका ट्रकने दिला असता तर मी समजून घेतलं असतं. दिला कोणी? नवनाथने!

दसऱ्याच्या सकाळी त्याने गाडी धुतली, झेंडूचा हार घातला. माझ्या कपाळावर कुंकू लावलं. जन्मात पहिल्यांदा मला कोणी कुंकू लावलं, मी अगदी विरघळले. मग त्याने नारळ घेतला. कंपनीत नवीन मशीन आलं की त्याच्या लोखंडी पायावर नारळ फोडतात, त्या सवयीने त्याने इकडेतिकडे बघितलं, त्याला नव्याने बसवलेलं लोखंड दिसलं, आणि घातला नारळ माझ्यावर! पहिल्या घावाला फुटला नाही म्हणून दुसरा सगळ्या ताकदीने घातला. नारळ फुटला, पाणी माझ्या भोकांतून ओघळलं आणि डावीकडचा नट सैल झाला.

साधना चिडली. दगड दिसला नाही का, असं तिने विचारलं. नवनाथने ओशाळून मला हलवून बघितलं. उजवा बोल्ट घट्ट होता, त्यामुळे मी हातात स्थिर वाटले. सगळं ठीक आहे म्हणून तो प्रसाद वाटायला गेला. ठीक कसलं, डोंबल! पण मला तोंड कुठे होतं?

दुसऱ्या दिवशी नवनाथची पहिली शिफ्ट, सुट्टी मिळाली नाही. साधना एकटीच मोशीकडे तपासणीच्या मैदानावर निघाली. चाकणचा रस्ता म्हणजे तुम्हाला सांगायला नको. पुढे कंटेनर, मागे कंपनीची बस, बाजूला कांद्याचा ट्रक. प्रत्येक खड्ड्याला माझा डावा नट थोडा फिरायचा. मी अंग आखडून घेत होते, पण लोखंडाने किती आखडायचं? तळेगाव चौक मागे पडला आणि नट बोल्टच्या आट्यांच्या अगदी टोकाला आला. पाटी एका बाजूने कलली आणि जाळीवर खडखड वाजायला लागली. आणखी एक खड्डा आणि नट रस्त्यात, मग पाटी चाकाखाली. असली सरकारी कुलूपबंद पाटी पुन्हा मिळवायची म्हणजे दिवस जाणार. तारीख गेली की कामही गेलं.

साधनाने खडखड ऐकली आणि गाडी कडेला घेतली. घेतली खरी, पण उतरेना. मला समोरून तिचा चेहरा काचेतून दिसत होता. ती रस्त्याकडे बघत होती, अगदी एकटक. तेव्हा मला कळलं, ही तीच जागा होती. इथेच तिला ट्रकने उडवलं होतं. तिने नवनाथला फोन लावला, पण शिफ्टमध्ये फोन बाहेर ठेवायला लागतात, त्याने उचलला नाही. गाडीशेजारून एक कंटेनर गेला आणि गाडी अंगभर हलली. तिने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, संपलं, ही आता मागे फिरणार.

मग दार उघडलं. काठी टेकली, बनवलेला पाय टेकला. एका हाताने बॉनेट धरत ती पुढे आली आणि त्या रस्त्याच्या मातीत पाय पसरून बसली. हातात पाना होता. पाना नटावरून दोनदा निसटला. मागून हॉर्न वाजत होते. माझ्यावर तिचा डावा हात होता, घामाने ओला.

"धर गं बाई," ती मला म्हणाली. "तू धर, मी आवळते."

मी धरलं, मित्रांनो. एका बोल्टवर होतं नव्हतं तेवढं बळ लावून धरलं. तेवढ्यात आमच्या गाडीमागे एक मोठा ट्रक येऊन थांबला. साधनाने मान वर करून बघितलं आणि ती जागच्या जागी गोठली. पण ट्रक पुढे आला नाही. त्याने पिवळे दिवे लुकलुकते ठेवले आणि आडवा उभा राहिला, म्हणजे मागची सगळी वाहनं त्याला वळसा घालून दुरून जायला लागली. ड्रायव्हर खाली उतरला नाही, त्याने काही विचारलंही नाही. तिने रस्त्यावरची नजर काढून नटाकडे वळवली. पाना नटावर बसला. तिने नट आवळला, मग उजवाही आवळला, आणि मला दोन्ही हातांनी ओढून बघितलं. ती उठून उभी राहिली तेव्हा ट्रकवाल्याने नुसता हात वर केला. तिनेही केला आणि गाडीत बसून खूप रडली. मग डोळे पुसून निघाली.

मैदानावर आरटीओच्या त्याच बाई होत्या. त्यांनी हाताचा ब्रेक बघितला, गाडी चालवायला लावली, शेवटी माझ्यापाशी आल्या. मला धरून ओढलं. पुन्हा ओढलं. मी हलले नाही. त्यांनी माझ्या एका भोकात अडकलेली नारळाची शेंडी नखाने काढली आणि साधनाकडे बघितलं. साधनाने नवऱ्याचा पराक्रम सांगितला. बाई हसल्या आणि गाडी पास झाली म्हणाल्या.

त्याला आता बरीच वर्षं झाली. वॉशर लागले, रंग लागला, तो उडाला, गंज आला. मी अजून इथेच आहे आणि साधना रोज कामावर जाते. अधूनमधून ती खाली बसून माझे नट स्वतः चाचपते. म्हणून सांगते, मित्रांनो, देवाला नारळ जरूर द्या, पण तो दगडावर फोडा. आणि जे तुमचं काहीतरी धरून उभं आहे, ते घट्ट आहे ना, हे पडायच्या आधी हात लावून बघत जा. आमच्यासारख्यांना सांगता येत नाही हो.

यंदाच्या खंडेनवमीला नवनाथने घरातली हत्यारं पाटावर मांडली आणि गाडीतला पानाही आणून ठेवला. साधनाने त्याला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं, नमस्कार केला. मग तो उचलला आणि परत गाडीत नेऊन सीटखाली ठेवला. उद्यापर्यंत त्याला बसू दे की पूजेला, नवनाथ म्हणाला.

"तो बसला तर मी बसेन," साधना म्हणाली आणि गाडीचं दार लावलं.