पिसांची गादी

गावातल्या कुठल्याही लग्नात शेवटचा पेला जोथम पेलने उचलायचा, असा रिवाजच पडून गेला होता. आवाज दणदणीत, आणि सफरचंदाची दारू पोटात गेली की आणखी मोकळा. आज तर त्याच्या एकुलत्या एका लेकीचं, केझायाचं लग्न. तो कसला मागे राहतोय!

बागेत बाकं मांडली होती. डुकराचं मांस फस्त झालं होतं. ओसरीवर केझायाची पिसांची गादी दोरीने बांधून ठेवली होती, सासरच्या गाडीत चढवायला. आई गेल्यापासून बाबांनी दर उन्हाळ्यात घरच्या हंसांची पिसं साठवली होती. पोरीच्या संसाराला गादी हवी, एवढा एकच ध्यास.

केझायाच्या शेजारी नवरदेव असाहेल, गावच्या पलटणीत नुकताच भरती झालेला. समोर क्रेनकाका, त्याच पलटणीचे कप्तान. गावात इंग्लंडच्या राजाच्या बाजूचं कोण आहे ते हुडकून काढायला नेमलेल्या समितीचे अध्यक्षही तेच, आणि ते काम ते फार मन लावून करत.

त्याच आठवड्यात चर्चसमोर फिलाडेल्फियाहून आलेला जाहीरनामा वाचला गेला होता. तेराही वसाहती स्वतंत्र, राजाचा आणि आपला संबंध संपला. सगळ्यांत जोरात टाळ्या बाबांनीच वाजवल्या होत्या. केझायाचा थोरला भाऊ तर न्यूयॉर्कला राजाच्या फौजेपुढे बंदूक घेऊन उभा होता.

बाबा उठले. पेला वर गेला.

"मंडळी, राजेसाहेबांना उदंड आयुष्य लाभो."

"देव त्यांचं रक्षण करो," क्रेनकाका म्हणाले.

अर्धं लग्न पेले उचलून उभं राहिलं होतं. जन्मभराची सवय, हात आपोआप उठले. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं आणि पेले तिथल्या तिथे थांबले. केझायाला हसू फुटलं. एवढी भाबडी चूक, हसायचं नाही तर काय करायचं? पण कुणीच हसत नव्हतं. सगळे क्रेनकाकांकडे बघत होते, आणि क्रेनकाकांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"हा काय बोलला, ऐकलंत ना सगळ्यांनी?" ते म्हणाले.

"अरे क्रेन, सवयीने गेलं तोंडून," बाबा अजून हसतच होते. "तूसुद्धा म्हणालास की."

"मी काय म्हणालो?"

काय ते सगळ्यांच्या कानांनी ऐकलं होतं. सगळे मूग गिळून बसले. बाबांनी ते बोलायला नको होतं. आता क्रेनकाकांना स्वतःची कातडी वाचवायची होती, आणि त्यासाठी दुसऱ्या कुणाची तरी सोलायलाच हवी होती.

"गाडीच्या चाकांना लावायचं डांबर तापवा," ते म्हणाले. "असाहेल, पिसं आण."

असाहेल उठला. आता हा 'थांबा' म्हणेल, केझायाला वाटलं. तो ओसरीकडे गेला तेव्हाही तिला वाटलं, बाबांना आत घेऊन दार लावायला निघालाय. त्याने खिशातून सुरी काढली आणि गादीची दोरी कापली.

ज्या माणसांनी दुपारी तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला होता, त्यांनीच तिच्या बाबांचा सदरा फाडला, उघड्या पाठीवर तापलेलं डांबर ओतलं आणि वर तिच्या गादीची पिसं थापली; राजाच्या माणसाला गावोगाव हीच शिक्षा होती.

ऊन कलताना ती गोठ्यात बसून बाबांच्या पाठीवरचं डांबर चरबीने सोडवत होती. पिसांबरोबर कातडी निघत होती. बाबा थरथरत होते, पण त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती.

असाहेल दारात आला. "केझाया, गाडी जुंपलीय. उजेड आहे तोवर निघायला हवं."

बाबांनी मान वर केली. "पोरा, तू समोरच होतास. क्रेनही म्हणाला ना रे? मी एकट्यानेच नाही ना म्हटलं?"

असाहेलने मागे अंगणात कोण आहे ते पाहिलं. कुणी नव्हतं. तरी तो म्हणाला, "मी नाही ऐकलं."

केझायाने बाबांच्या मानेवरचं एक पीस हळूच सोडवलं आणि मांडीवर ठेवलं.

"गाडीत घालायला आता काही उरलं नाही," ती म्हणाली. "रिकामीच ने."