खिंडीत ठेवलेला हंडा

"धनी आल्याबिगर राब पेटायचा नाय," गोजरा सासूला म्हनत व्हती. "दर साली तेच पेटवतात."

"आभाळ तुझ्या धन्यासाठी थांबनार हाय का?" नवसाबाईनं चुलीतला इंगळ खापरात घेतला आन् वावराची वाट धरली.

मी बांधावर उभा. धनी मागनं येतोय, असं मीच गोजराला सांगितलं व्हतं. गोजराचा धनी झिपरू येनार नव्हता. हे मला ठावं व्हतं आन् त्याच्या आईला, नवसाबाईला.

विलायतेचा राजा मेला ते साल. मी आन् झिपरू डांगच्या जंगलात लाकूडतोडीला गेलतो. सागाचं झाड त्याच्या अंगावर आलं. तिकडंच माती दिली. त्याची घोंगडी घेऊन आदल्या दिवशी मी घाट चढलो, तर खिंडीतल्या झऱ्यावर नवसाबाई भेटली. घोंगडी बघितली आन् तिनं डोईवरचा हंडा खाली ठेवला. सांडला नाय, ठेवला.

"गोजराला सांगितलं?"

"नाय अजून."

"मग सांगू नको, सावळीराम. आधी राब जळू दे."

आमचं गाव सुरगाण्याच्याबी वर, डोंगरमाथ्यावर. वीतभर माती, खाली खडक. पाला, फांद्या, शेन पसरून राब जाळला, वाफा भाजला, तरच नागलीचं, म्हंजी नाचनीचं, रोप धरतं. रोप नाय तर वरीसभर कंदमुळं उकरा. आन् घरात मयत कळली की दहा दिवस सुतक, सुतकात राबाला इस्तू लावत नाय. मिरगाला चारच दिवस उरले व्हते, आन् भिजला राब काय पेटत नाय. म्हातारीनं हे सारं हंडा उचलायच्या आत जानलं. मला मेल्याला वाटलं, पोटचा पोर गेला आन् हिला नागली सुचते. माझंच मन हलकट.

वारा जिकडं जात व्हता त्या टोकाला तिनं इंगळ टाकला. तसंच पेटवायचं असतं, म्हंजी जाळ वाऱ्याच्या उलटा हळूहळू सरकतो आन् माती नीट भाजते.

"ते आल्यावर मला बोलतील बघा," गोजरा कुरकुरली.

"माझं नाव सांग."

जाळ सरकत गेला तशी म्हातारी धुरातच जाऊन उभी ऱ्हायली.

"आत्या, बाजूला व्हा की. डोळे बघा कसे झालेत."

"धूर हाय," नवसाबाई म्हनाली.

उन्हं कलती झाली तवा सारा राब राख झाला. म्हातारीनं कडेकडेनं फिरून बघितलं, एक अर्धवट फांदी पायानं आत लोटली. मंग माझ्याकडं वळली.

"सावळीराम, घोंगडी आन."

करवंदीच्या जाळीत लपवलेली घोंगडी मी आनली. तिनं ती सुनेच्या हातात दिली.

"आता रड, बाय."

गोजराचं रडनं पार खालच्या पाड्यापोतर ऐकू गेलं. नवसाबाई तिला पोटाशी धरून बसली, पन स्वतः रडली नाय. जनू रडायचं तिचं त्या झऱ्यावरच ऱ्हाऊन गेलं व्हतं.

मिरीग कोरडाच निघाला. सुतक फिटलं, वर पाच दिवस झाले, तरी थेंब नाय. म्हातारी रोज त्या राखेपाशी येऊन आभाळाकडं बघत बसायची.

"येईल पाऊस, नवसाकाकी," एकदा मी म्हनालो.

"येईल रे. न येऊन कुठं जातोय." तिनं चिमूटभर राख उचलली, बोटांत चोळली. "पन एवढा वखत व्हता, तर त्या दिवशी खिंडीतच रडून घेतलं असतं."