ब्रेंडाच्या वहीतला चौदा एप्रिल

आमच्या पिढीतला निम्मा महाराष्ट्र एक जूनला जन्मला. शाळेत नाव घालताना गुरुजी ती तारीख ठोकून द्यायचे. माझीही तशीच. १९७८ साली मी नॉटिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात नर्स होते. माझ्याच वॉर्डातल्या ब्रेंडाने वाढदिवस विचारला, तेव्हा मी खरं ते सांगितलं, की ठाऊक नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला कुणी कीव केलेली खपत नाही. मी चिडलेच.

दुसऱ्या दिवशी ती एक जाडजूड वही घेऊन आली. तिचे वडील कोळशाच्या खाणीतले. खाणकामगारांच्या हॉलमध्ये कंट्री म्युझिकचा क्लब चालायचा आणि तिथे गायकांचे वाढदिवस वाचायचं काम हिचं. जॉनी कॅश सव्वीस फेब्रुवारी, पॅट्सी क्लाइन आठ सप्टेंबर, सगळं तारीखवार.

"यातली एक तारीख घे, गिरिजा. युअर्स फॉर लाइफ."

मी चौदा एप्रिलवर बोट ठेवलं.

"लोरेटा लिन!" ब्रेंडाने मला मिठीच मारली. "माझी सगळ्यात आवडती! खाणकामगाराची मुलगी, माझ्यासारखी."

मी मान डोलावली. माझं बोट बाबासाहेबांच्या जयंतीवर होतं, पण तसं म्हटलं नाही. हॉस्पिटलातल्या एका भारतीय बाईंना मी एकदा जयंतीचं सांगितलं होतं. त्यांनी आधी माझं आडनाव नीट विचारून घेतलं आणि मग माझ्या डब्यातलं खाणं बंद केलं. तेव्हापासून ती तारीख मी गिळायला शिकले. ब्रेंडाला आडनावाशी काय देणंघेणं? पण सवय ती सवय.

मग दर वर्षी केक आणि गिटारचं चित्र असलेलं कार्ड. संध्याकाळी क्लबात ये म्हणायची. मी "ड्यूटी आहे" सांगून विहारात जयंतीला सटकायचे. रिटायर झाल्यावर ड्यूटीच्या जागी गुडघे आले. घरातल्या बाबासाहेबांच्या फोटोबद्दल तिने विचारलं, तर "आमचे वडीलधारे" म्हणून मोकळी झाले. जिने मला वाढदिवस दिला, तिच्याशी मी सत्तेचाळीस वर्षं खोटं बोलले.

यंदा ब्रेंडाला दिसेनासं झालं. "या वेळी वही तू वाच," म्हणाली. नाही कसं म्हणणार? ठरवलं, आज सांगून टाकायचं. तिला वाटेल, हिने माझ्या लोरेटाचा नुसता आडोसा केला. वाटू दे. तरी गाडीत मी हॉलच्या दारापर्यंत हवेबद्दलच बोलत राहिले.

आत पंधरा-वीस म्हातारी माणसं, डोक्यावर काउबॉय हॅट. मी चष्मा लावला, वही उघडली.

"लोरेटा लिन, एकोणीसशे बत्तीस."

खाली ब्रेंडाचंच अक्षर, शाई फिकट झालेली: डॉक्टर आंबेडकर, अठराशे एक्क्याण्णव. त्याखाली: आपली गिरिजा.

मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"वाच की," ब्रेंडा पुढच्या खुर्चीवरून म्हणाली.

"तुला कधी कळलं?"

"तुझ्या घरातल्या फोटोखाली इंग्रजीत नाव आणि तारीख होती. तेव्हा मला चांगलं दिसायचं. लायब्ररीतून त्यांच्यावरचं पुस्तक आणून वाचलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुला सांगायचं नव्हतं ना. इट्स युअर बर्थडे."

तिच्या शेजारचे हॅटवाले आजोबा हसले. "पहिल्या वर्षी मीच विचारलं होतं, हे डॉक्टर वाजवायचे काय? ब्रेंडा म्हणाली, काही नाही. ते होते म्हणून आपली गिरिजा शाळेत गेली आणि इथवर आली. सगळ्यांनी उभं राहायचं."

आणि हॅट काढून, काठ्या सावरत, सगळे उभे राहिले. दर वर्षी असेच उभे राहत होते म्हणे. मी जी जयंती करायला इथून पळून जायचे, ती इथेही होत होती. मला ब्रेंडाचे पाय धरावेसे वाटले, पण गुडघे खरोखरच वाकत नव्हते.

मग मी तिन्ही नावं पुन्हा पहिल्यापासून वाचली, शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जातील अशी.