पितळेचे दाणे

चिखलीच्या त्या गल्लीत सुपरवायझर नावाची कोंबडी होती. रहिमानचाचांच्या लेथच्या शेडपुढे ती सकाळी आठच्या ठोक्याला हजर व्हायची आणि उशिरा येणाऱ्या कामगाराच्या अंगठ्यावर टोच मारून त्याचा अर्धा दिवस कापायची, असं गल्ली सांगते. गल्लीच्या शब्दातलं निम्मं वजा केलं, तरी कोंबडी मोठीच उरते.

तिची मालकीण वर्षाली, चौथीतली. काळी आणि बुटकी अशा आणखी दोघी तिच्याकडे होत्या. अंडी खा, पण कोंबडीला पायाला धरून उलटं लटकवायचं नाही, हा वर्षालीचा कायदा. बाप समाधान चाकणच्या कंपनीत कुणाच्या बापाला भ्यायचा नाही, पण घरी आला की कोंबडी दोन्ही हातांनी छातीशी धरायचा.

दिवाळीनंतर घरमालकानं अंगणात सिमेंटचे ब्लॉक बसवले. मातीचा कण दिसेना. शेजारची भाजीवाली अंबूबाई मूळची मावळातली. ती म्हणाली, "पोरी, कोंबडीला दात न्हाईत. तिच्या पोटात जातं हाय. खडं गिळंल तवा दाणा दळंल. आता हितं काय सिमेट खायाचं व्हय तिनं?"

झालं. तिघींची जाती बंद पडणार, या काळजीनं वर्षालीला जेवण गोड लागेना. तिनं खडे शोधले. सगळीकडे डांबर नाहीतर ब्लॉक. मग चाचांच्या मशिनखाली तिला पितळेचा कीस दिसला. बारीक, टणक, बाजरीच्या दाण्याएवढा आणि पिवळाधमक.

"कशाला हवा, बेटा?" चाचांनी विचारलं.

"शाळेत चिकटकाम आहे."

घरी येऊन तिनं तो साबणानं तीनदा धुतला. रोज चिमूटभर बाजरीत मिसळायची. चमकणाऱ्या दाण्यांवर तिघी तुटून पडायच्या, पण सुपरवायझर बाकीच्यांना ढकलून पहिला घास स्वतः घ्यायची.

दहाव्या दिवशी सुपरवायझर शेडवर गेली नाही. पिसं फुगवून कोपऱ्यात बसली. तुरा फिका पडला, विष्ठा हिरवी झाली. वर्षालीनं तळहातावर भात धरला, तर तिनं मान वळवली.

अंबूबाईनं लांबूनच पाहिलं. "रोग हाय. ही जाईल ती जाईल, दोघींना घिऊन जाईल. रोग लागायच्या आत त्या दोघी कापा आन् रस्सा करा. आमच्याकडं असंच करत्यात."

आईलाही ते पटलं. रविवार ठरला.

शनिवारी वर्षाली शेडपाशी उभी होती. चाचा चिमट्यानं बोटातलं काहीतरी उपसत होते. तोंड वेडंवाकडं झालं होतं.

"काय झालं, चाचा?"

"पितळ, बेटा. सुईसारखं घुसतं. बोटात एवढंसं गेलं तर आठवडाभर घास धरवत नाही."

वर्षालीनं ते बोट पाहिलं. मग तिला ते बोट दिसेनासं झालं. तिला सुपरवायझरच्या पोटातलं जातं दिसलं.

रात्रभर... नाही, रात्रभर नाही, जेमतेम घरापर्यंत तिनं ते पोटात ठेवलं. आठ-दहा पावलं असतील, पण चाकणपर्यंत चालत गेल्यासारखे तिचे पाय दुखले. गप्प बसली तर काळी आणि बुटकी उद्या विळीवर जातील आणि कुणाला काही कळणार नाही. बोलली तर कळेल.

दारात बाप बूट काढत होता. आई आणि अंबूबाई लसूण सोलत होत्या.

"रोग नाही तो," वर्षाली म्हणाली. "मी त्यांना पितळ खाऊ घातलं."

"काय घातलंस?" आई ओरडली.

"खडे नव्हते ना. म्हणून चाचांकडचा कीस घातला. चिकटकाम खोटं होतं."

अंबूबाईच्या हातातली पाकळी खाली पडली. "आगं माझे बये. खडं म्हणून मीच तुझ्या डोक्यात घातलं."

समाधाननं काढलेला बूट परत पायात घातला. "टोपली आण. तिघींना दवाखान्यात नेऊ."

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तिघींच्या पोटाचे एक्स-रे काढले. काळीच्या आणि बुटकीच्या पोटात दोन-तीन ठिपके होते. "जातील बाहेर. मी औषध देते, पण आठवडाभर डोळ्यात तेल घालून बघायचं." सुपरवायझरच्या पोटात मात्र चांदणं पसरलं होतं. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "पितळात जस्त असतं. ते रक्तात उतरलंय. कापून काढायला गेलं तर टेबलावरच जाईल. नाही काढलं तर अजून दोन-तीन दिवस, फार दुखत राहील. त्यापेक्षा, न दुखता जाईल असं इंजेक्शन देता येईल."

समाधान मुलीशेजारी उकिडवा बसला.

"तिला कळेल का?" वर्षालीनं विचारलं.

"झोप लागेल."

"मग द्या."

"तू बाहेर थांब. मी धरतो," समाधान म्हणाला.

"नको, पप्पा. ती मला ओळखते."

तिनं सुपरवायझरला दोन्ही हातांनी छातीशी घेतलं. अंग तापलेलं होतं, वजन ओल्या टॉवेलएवढंही राहिलं नव्हतं. सुई गेली तेव्हा कोंबडीनं नुसती नखं आवळली, वर्षालीच्या फ्रॉकमध्ये.

कोंबडीची पापणी खालून वर मिटते. वर्षालीनं ते पूर्वी कधी नीट पाहिलं नव्हतं. ती हळूहळू वर चढली, मध्ये एकदा थांबली, पुन्हा थोडी उघडली आणि मग मिटली.

"झालं, बाळ. आता सोड," बाई म्हणाल्या.

"थांबा," वर्षाली म्हणाली. "नखं अजून अडकलीत."

तिनं एकेक नख सोडवलं. फ्रॉकचा धागाही तुटू न देता, जणू तिला अजून दुखेल, इतक्या जपून.