हरीभाऊंचा मे महिना

"इथं सही करा, हरीभाऊ. दरवर्षीचीच जागा," म्हणत दत्तारामने तक्ता पुढे सरकवला.

बॉयलर हाउसच्या भिंतीला लागून पत्र्याची शेड होती. तिथल्या टेबलावर मे महिन्याच्या रजांचा कागद पसरला होता. वर तीन नावं. दत्ताराम, किशोर, चांगू. तिघांपुढे हिरव्या पेनाने रजेचे पट्टे आखलेले. चौथं नाव हरीभाऊंचं. त्यांच्यापुढे एक तारखेपासून एकतीसपर्यंत पट्टीने ओढलेली सरळ निळी रेघ. हजर.

हरीभाऊंनी पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"यंदा मला आठ दिवस हवेत. अकरा ते अठरा."

थर्मासातून चहा ओतणाऱ्या किशोरने मान वर केली. "कुठं दौरा?"

"कुठे नाही. घरीच. भाची येणार आहे."

"मंग येऊं दे की. वहिनी हायत ना."

"ती पतपेढीत जाते. दिवसभर घरी कोणी नको का?"

"काय हरीभाऊ," किशोर हसला, "तुमी दोघंच. तुमची बारा महिने सुट्टीच हाय."

चांगू हसला, दत्तारामही हसला. हे वाक्य दर एप्रिलमध्ये याच शेडमध्ये म्हटलं जाई आणि हरीभाऊही त्यावर सगळ्यांबरोबर हसत. अठरा वर्षं हसले होते. या खेपेला त्यांनी चहाचा कप नुसता फिरवला.

महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या औषधांच्या कारखान्यात माणसं तीनशे, पण बॉयलरचं सर्टिफिकेट असलेली चारच. पेटलेल्या बॉयलरपाशी चोवीस तास त्यातला एक जण हवा, असा कायदा. एक रजेवर गेला की तिघांनी ओढायचं, दोन गेले की उरलेल्या दोघांनी बारा-बारा तास. म्हणून मे महिना म्हणजे भांडण. पहिल्या दोन वर्षांत ते इतकं वाढलं की किशोर आणि चांगू एकमेकांचा डबाही खाईनात. तेव्हा अक्षर चांगलं म्हणून हरीभाऊंनीच तोडगा काढला. तक्ता त्यांनीच आखला आणि नावापुढे एक रकाना घातला: मुलांची इयत्ता. ज्याचं मूल लहान, त्याला आधी रजा. सगळ्यांनी वाहवा केली. त्या वेळी हरीभाऊंच्या लग्नाला तीनच वर्षं झाली होती. आपलाही रकाना आज ना उद्या भरेल, या भरवशावर त्यांनी तो आखला होता. मुंबईपर्यंत दवाखाने झाले, रकाना तसाच राहिला. आपल्याला बाहेर ठेवणारं कुंपण माणसाने इतक्या सुबक अक्षरात क्वचितच घातलं असेल.

त्या रकान्याच्या जोरावर किशोरची मुलं दर मे महिन्यात पोलादपूरच्या वरच्या अंगाला वाडीत आंबे-फणस खाऊन आली. चांगूच्या मुलींनी महाबळेश्वर तीनदा पाहिलं. दत्तारामने सासरचं सगळं गणगोत घेऊन गोवा केला. परत येताना प्रत्येकाने आठवणीने हरीभाऊंसाठी चिक्कीचं पाकीट आणलं. घरी अनुपमा ते पाकीट उघडत नसे. शेजारच्या मुलांना देऊन टाकी.

यंदा मात्र गोष्ट वेगळी होती. धाकटी बहीण सोनाली चिंचवडला असते. नवरा परगावी, स्वतःची नोकरी, मुलगी देवश्री अकरा वर्षांची. फेब्रुवारीत आली असताना देवश्रीने मामाला विचारलं होतं, "तू नदीत पोहायला कसा शिकलास?" हरीभाऊंचं आजोळ नाते गावातलं. तिथल्या मामाने पाठीला रिकामा डबा बांधून त्यांना गांधारी नदीच्या डोहात ढकललं होतं आणि स्वतः गळाभर पाण्यात आठ दिवस उभा राहिला होता. आठव्या दिवशी डबा सुटला.

"मग मला आठ दिवसांत येईल?" देवश्री म्हणाली.

"आठ कशाला, सहात येईल. उरलेले दोन दिवस तू मला शिकव."

सोनालीने आठवडा ठरवला, पण अट घातली. "दादा, तू दिवसा घरी असलास तरच पाठवते. नदीचं काम आहे. पंधरा एप्रिलपर्यंत मला नक्की सांग, नाहीतर सोसायटीतल्या कॅम्पला तिचं नाव द्यावं लागेल. तिथल्या जागा भरतात."

आता तक्त्यावरची तारीख तीन एप्रिल होती. दत्ताराम म्हणाला, "बघू. वरती विचारून सांगतो."

वरती म्हणजे कुठे, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. अठरा वर्षं हा कागद याच टेबलावर पुरा होत आला होता.

घरी अनुपमाने सगळं ऐकून घेतलं आणि कणीक मळता मळता विचारलं, "अहो, चांगूची सेजल कितवीत लिहिली आहे तक्त्यात?"

"का?"

"लग्नाला आपण जाऊन आलो ना तिच्या? माघात. मी साडी दिली की."

 इतक्या वर्षांत त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. गेली आठ वर्षं तक्त्याचं काम दत्तारामकडे होतं; तो दरवर्षी जुन्याच तक्त्याची प्रत काढी, तारखा बदली आणि रकाना तसाच ठेवी. मुलं मोठी झाली, मिशा आल्या, लग्नं झाली. तक्त्यावर मात्र ती शाळेतच होती.

"आणि तुम्ही तिथे गप्प बसून चहा प्यायलात," अनुपमा म्हणाली. परातीवर तिचा हात जरा जोरातच आपटला. "मला पतपेढीतही हेच. मे आला की, अनुपमाताई, तुम्ही आहातच. आहातच म्हणजे काय हो? आपण काय कपाटं आहोत?"

दहा तारखेला पाळी बदलताना चौघे एकत्र सापडले. हरीभाऊंनी भिंतीवरचा तक्ता काढून टेबलावर ठेवला आणि बोट ठेवून वाचायला सुरुवात केली.

"सेजल, आठवी. चांगू, हिच्या लग्नात आपण जेवलो ना रे?"

चांगूने गेज ग्लासकडे पाहिलं. पाण्याची पातळी ठीक होती. "लग्न झाला तरी पोर ती पोरच ना, हरीभाऊ. मे मदे म्हायेराला येतेय ती."

"हृतिक, सहावी. किशोर, तुझा हृतिक इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा तुला मोटारसायकलवर सोडायला आला होता. सहावीतल्या मुलाला लायसन कसं मिळालं?"

"हृतिकचा नाय वो काय," किशोर वैतागला. "वाडीवर मुंबईची समदी येतात. दोन भावांची मिळून सात पोरा. त्यांचा जानेवारीतच ठरतो, कोन कधी येनार, कोन किती दिस. मी घरी नसलो तर त्यांना बघनार कोन? म्हातारी?"

"म्हणजे तू पुतण्यांसाठी रजा घेतोस."

"मंग?"

"मग माझी भाची का चालत नाही?"

 किशोर अगदी समजुतीच्या सुरात, लहान मुलाला सांगावं तसं म्हणाला, "हरीभाऊ, पुतने आपल्या घरातले. आपला आडनाव लावतात. भाची दुसऱ्याच्या घरची. तिचा ती लोका बघतील ना."

बॉयलरचा पंखा एकसुरी घरघरत होता. हरीभाऊंना बोलायचं खूप होतं. हृतिकला टायफॉइड झाला तेव्हा सलग नऊ दिवस दुप्पट ड्युटी कोणी केली, हे विचारायचं होतं. तेव्हा आडनाव कोणी विचारलं होतं, हेही. पण किशोरच्या तोंडावर लबाडी अजिबात नव्हती, आणि त्याचाच हरीभाऊंना जास्त राग आला. लबाड माणसाला पकडता येतं. मनापासून असं मानणाऱ्याला कुठे धरायचं?

"दत्ताराम," ते एवढंच म्हणाले, "मला पंधरापर्यंत उत्तर पाहिजे. हो किंवा नाही."

"बघू म्हनलो ना. जरा धीर धरा. तुमच्या घरी काय पाळना हालतोय?"

म्हणाला आणि स्वतःच चपापला. "तसा नाय," असंही म्हणाला. पण शब्द बाहेर पडले होते. हरीभाऊंनी तक्ता पुन्हा खिळ्याला लावला, रजिस्टरमध्ये वाफेचा दाब लिहिला, वेळ टाकली आणि सही केली. दाबाचा आकडा त्यांनी दोनदा गिरवला.

पंधरा तारीख आली. सोनालीचा फोन दुपारी आला.

"दादा, काय ठरलं?"

"अजून कळलं नाही गं. दोन दिवस दे."

"आज शेवटचा दिवस आहे. मला ऑफिसातही सांगावं लागतं रे. नक्की असेल तर थांबते. आहे का नक्की?"

वीस वर्षांच्या नोकरीचा माणूस. त्याच्या एका सहीवर बॉयलर पेटत होता नि विझत होता. तो आपल्याच बहिणीला आठ दिवसांचं नक्की सांगू शकला नाही. "नाही," हरीभाऊ म्हणाले. "नक्की नाही."

एकोणीस तारखेला दत्तारामने हसतमुखाने खांद्यावर हात ठेवला. "घ्या. अकरा ते अठरा. किशोरला मागंपुढं केला. पन पुढच्या साली नका हां धरू." कोणी वरती विचारलं नव्हतं. किशोरच्या भावांनी जानेवारीत ठरलेली तारीख यंदा बदलली होती आणि नवी कळवली नव्हती, म्हणून सगळं अडकलं होतं. त्यांचं ठरलं आणि उरलेले दिवस हरीभाऊंच्या वाट्याला आले.

संध्याकाळी त्यांनी चिंचवडला फोन लावला. सोनालीने "अरे देवा" म्हटलं. फॉर्म भरून झाला होता. देवश्रीच्या दोन मैत्रिणीही त्याच तुकडीत होत्या. "पुढच्या वर्षी नक्की, दादा. हे बघ, तिला देते."

"मामा," देवश्री म्हणाली, "तू वाईट नको वाटून घेऊ. कॅम्पमध्ये पण स्विमिंग आहे. कोच आहेत. मी शिकून येते, मग आपण दोघं डोहात जाऊ."

"शाबास," हरीभाऊ म्हणाले. "शीक."

अनुपमा दारात उभी होती. 

"रजा परत करून टाकू?" त्यांनी तिला विचारलं. "मूलच येत नाही म्हटल्यावर."

"करून बघा," ती म्हणाली. "मग मी पतपेढीतून रजा टाकून एकटीच कुठेतरी जाते की नाही बघा."

अकरा मेला सकाळी साडेआठला फोन वाजला. दत्ताराम. "हरीभाऊ, पोर आली नाय आसं आयकला. मंग मोकळेच ना? चांगूला लेकीला आनायला जायाचा हाय. दोन दिस येता का?"

"नाही येत."

"काय काम हाय?"

"काही नाही. रजेवर आहे."

 हे उत्तर दत्तारामच्या ओळखीचं नव्हतं. "म्हंजे घरीच हाव ना?"

"घरी असेन, नाहीतर नसेन," हरीभाऊ म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. मग कपाटातून टॉवेल काढून मोटारसायकलला किक मारली.

नाते गावाच्या अलीकडे डोहावर गर्दी होती. मुंबईची, पुण्याची मुलं रबरी टायरांत बसून ओरडत होती. काठावर पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेला एक बाप पाण्याचा अंदाज घेत होता.

"काका, तिथे खोल आहे का?"

"त्या खडकापलीकडे पुरुषभर. अलीकडे मुलांना चालेल."

"थँक्यू. यातली तुमची कोणती?"

हरीभाऊंनी शर्ट काढला, नीट घडी केली आणि घड्याळ त्याच्यावर ठेवलं.

"माझं यात कोणी नाही," ते म्हणाले. "मी सुट्टीवर आलोय."

ते खडकापर्यंत चालत गेले आणि खोल पाण्यात उतरले. उताणे झाले. कान पाण्याखाली गेले तसा पोरांचा गलका बंद झाला. वर मे महिन्याचं पांढरं आभाळ होतं. हात पसरून ते बराच वेळ तसेच पडून राहिले. काठावरचा बाप मधून मधून काळजीने त्यांच्याकडे बघत होता.